कागदावरचा रस्ता आणि पायाखालचा रस्ता: महापालिकेतला भ्रष्टाचार नागरिकांना नेमका कुठे पकडता येतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा जीव गेला तर वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. पैसे आधी रस्त्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने द्यायचे आणि मग दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायचे.

बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पडला. मग तळमजल्यावरच्या एका काकांनी लिहिलं, "पण दोषी कोण, हे ठरवणार कसं?" ग्रुप एकदम शांत झाला.

प्रश्न रास्त आहे. खड्ड्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण तो रस्ता कुणी केला, कुणी मोजला आणि बिल कुणी पास केलं, हे सगळं एका फायलीत सहीनिशी लिहिलेलं असतं. आजचा लेख त्या फायलीबद्दल आहे.

चिरीमिरी वेगळी, टक्केवारी वेगळी

महापालिकेतला भ्रष्टाचार म्हटलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो.

पहिली चिरीमिरी. मालमत्ता कराच्या बिलावरचं नाव बदलायचंय, नळजोड हवाय, दुकानाचा परवाना अडलाय. आणि टेबलापलीकडून सूचक शांतता. इथे लुबाडला जाणारा माणूस समोर उभा असतो आणि आपण लुबाडले जातोय हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच यावर सापळा चालतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन केला की आधी लाच खरंच मागितली जाते आहे का, याची पंचांसमक्ष पडताळणी होते. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. पैसे हातात घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं.

एक खबरदारी इथेच सांगतो. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरू लागला. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. देण्याआधीच विभागाला कळवून सापळ्यात सहभागी होणाऱ्याला ही भीती नाही. दाखला नुसताच रखडलाय, पैसे कुणी मागितलेले नाहीत, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेची मुदत ठरलेली असते, मुदत चुकली की अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

दुसरी गोष्ट टक्केवारी, म्हणजे कामाच्या बिलातून वाटला जाणारा हिस्सा. हिचं दुखणं वेगळं आहे. कंत्राटदार खूश, बिल पास करणारा खूश, ज्याच्या आशीर्वादाने काम मिळालं तोही खूश. १०६४ वर फोन करणार कोण? नुकसान झालंय तुमचं-माझं, पण आपल्याला त्याचा पत्ताच नाही. घरफोडी झाली तर सकाळी उठल्याउठल्या कळतं. दुधात रोज पाणी पडत असेल तर वर्षानुवर्षं कळत नाही, कारण पातेल्यात दूध असतंच. रस्त्याचंही तसंच. रस्ता झालेला असतो. किती झाला, हे कुणी पाहत नाही.

लोकांच्या मदतीने भ्रष्टाचार रोखायचा म्हणतात तेव्हा खरी गरज या दुसऱ्या प्रकारात आहे, आणि इथे घोषणांपेक्षा मोजायची फीत जास्त उपयोगी पडते.

फायलीचा प्रवास

घराला रंग द्यायचा असला की आपण काय करतो? भिंती मोजतो, खर्चाचा अंदाज काढतो, दोन-तीन रंगाऱ्यांकडून भाव घेतो, एकाला काम देतो, झाल्यावर बघतो आणि पैसे देतो. महापालिका हेच करते, फक्त प्रत्येक पायरीला भारदस्त नाव आहे. अंदाज म्हणजे पूर्वगणनपत्रक; ते सरकारी दरसूचीवरून काढतात. भाव मागवणं म्हणजे निविदा. 'कर काम' असं लेखी सांगणं म्हणजे कार्यादेश. काम झाल्यावर कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी-रुंदी-जाडी लिहायची ती मोजमाप पुस्तिका. महापालिकेत सगळे तिला एमबी म्हणतात. शेवटी बिल. आणि बिलानंतरही ठरावीक वर्षं रस्ता बिघडला तर कंत्राटदारानेच पदरमोड करून दुरुस्त करायचा, तो दोषदायित्व कालावधी.

गळती यातल्या कुठल्याही पायरीवर होते. निविदेत एकाच कंपूतले तिघे भाव भरतात आणि कोण किती भरणार हे आधीच ठरलेलं असतं. याला रिंग म्हणतात. मोठ्या कामाचे मुद्दाम तुकडे पाडतात, म्हणजे प्रत्येक तुकडा वरच्या मंजुरीच्या मर्यादेखाली राहतो. आणि मग ते प्रसिद्ध 'बिलो'. अंदाजापेक्षा तीस टक्के कमी दराने काम करायला कंत्राटदार तयार होतो आणि महापालिका बचत झाली म्हणून पाठ थोपटून घेते. माझ्या मते इथे टाळ्या वाजवण्याआधी थांबावं. एवढ्या कमी दरात काम खरंच नीट होणार असेल तर मुळातला अंदाज फुगवलेला होता. अंदाज बरोबर असेल तर काम पातळ होणार. तिसरी शक्यता, म्हणजे कंत्राटदार समाजसेवा करतोय ही, मी अजून पाहिलेली नाही.

पण सामान्य माणसाच्या सर्वात आवाक्यातली पायरी म्हणजे एमबी. कारण तिथे कागद आणि जमीन यांची गाठ पडते.

समजा एमबीत लिहिलंय: काँक्रीट रस्ता, लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी २० सेंटिमीटर. तुम्ही फीत टाकली तर लांबी भरली १०४, रुंदी २.७. लांबी सोळा मीटर कमी आणि रुंदी दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर कमी. नुसत्या डोळ्यांना काहीच जाणवत नाही. पण क्षेत्रफळ काढा: ३६० चौरस मीटरचे पैसे गेले, जागेवर २८१ आहेत. बावीस टक्के गायब. आता जाडीही २० ऐवजी १५ निघाली तर? ७२ घनमीटर काँक्रीटचं बिल आणि रस्त्यात जेमतेम ४२. तिन्ही बाजूंनी थोडं थोडं चोरलं की शंभरातले अठ्ठावन्नच उरतात. गायब झालेल्या बेचाळीसमधून टक्केवारी निघते आणि तिसऱ्या पावसात खड्डेही तिथूनच निघतात.

नालेसफाईचं प्रकरण याहून अवघड. तिथे पुरावाच पावसात वाहून जातो. किती गाळ काढला, हे गाड्यांच्या फेऱ्या आणि वजनकाट्याच्या पावत्यांवरून ठरतं. त्यामुळे तिथे नाला बघत बसू नका, गाड्यांचे नंबर मागा. एकच डंपर एकाच वेळी शहराच्या दोन टोकांना दिसतो का, एवढ्या गाळाचं वजन त्या गाडीला पेलतं का, हे घरी बसून तपासता येतं. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरं वाहून नेणाऱ्या 'ट्रक'चे नंबर तपासले तर त्यात स्कूटरही निघाल्या होत्या.

आपल्या हातात काय आहे

माहितीचा अधिकार म्हणजे कागदांच्या झेरॉक्स, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झालेल्या या कायद्याचं कलम २(ञ) एकदा मुळातून वाचा. त्यात कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे, तसाच कामाची पाहणी करण्याचा आहे, आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. म्हणजे रस्त्याचा तुकडा मागता येतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. विषय एकच हवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. उत्तर तीस दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, मग दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. हे कागदावर. प्रत्यक्षात आयोगाकडे अपिलांचा ढीग लाखाच्या घरात गेलेला आहे आणि तारीख मिळेपर्यंत रस्ता दुसऱ्यांदा खणला गेलेला असतो.

म्हणून मी लोकांना आधी सोमवार सांगतो. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहता येतात. पुणे महापालिकेने ही पद्धत त्याच्याही आधी सुरू केली होती.

आमच्या गल्लीसाठी आम्ही तिघं असेच एका सोमवारी गेलो. पहिला प्रश्न आला, "कुठल्या संघटनेचे?" दुसरा, "नगरसेवकांनी पाठवलं का?" दोन्हीला नाही म्हटल्यावर साहेब साइटवर असल्याचं कळलं. आम्ही परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली आणि बाकड्यावर बसून राहिलो. पावणेपाचला फाइल आली. पंधरा मिनिटांत काय वाचणार? पण मोजमापाचं पान सापडलं आणि फोटो काढता आला. एमबीत आमच्या गल्लीचं काम थेट टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत दाखवलं होतं. ते खांबाच्या बरंच अलीकडे संपलंय, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्या तुकड्यात पाणी साचतं म्हणून मुलं तिथूनच उड्या मारत शाळेला जातात.

मग रीतसर अर्ज केला. प्रमाणित प्रती एकेचाळीस दिवसांनी आल्या. तक्रारीवर कुणाला नोटीस निघाल्याचं काही कळलं नाही. पण मे महिन्यात एका सकाळी मिक्सर आला आणि राहिलेला तुकडा गुपचूप भरून गेला. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. तुकडा झाला, एवढं खरं.

कागद गल्लीत वाचला की काय होतं

ही कल्पना मूळची राजस्थानची. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना या गावात पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीचे हिशेब गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढाच कार्यक्रम. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती ती माणसं समोरच बसलेली.

शहरात ती चालते का? डिसेंबर २००२ मध्ये दिल्लीच्या सुंदरनगरी भागात परिवर्तन या संस्थेने ती करून पाहिली. दिल्लीच्या तेव्हाच्या स्वतंत्र माहिती अधिकार कायद्याखाली महापालिकेच्या ६८ कामांची कागदपत्रं मिळवली. एकूण किंमत सुमारे १.३ कोटी रुपये. कागद घेऊन कार्यकर्ते गल्लोगल्ली गेले आणि लोकांनीच दाखवून दिलं की कुठला हातपंप नाही, गटारावरच्या कुठल्या जाळ्या बसवल्याच नाहीत. सुमारे ७० लाखांच्या वस्तू केवळ कागदावर होत्या.

यात तपास यंत्रणेला न जमणारी एक गोष्ट झाली. दिल्लीतल्या हजारो गल्ल्यांत जाऊन जाळ्या मोजायला कुठल्याही लेखापरीक्षकाकडे माणसं नसतात. गल्लीत राहणाऱ्या बाईला मात्र मोजायचीही गरज नाही. तिला ठाऊकच असतं. तिच्याकडे फक्त कागद नव्हता.

"पण यातलं तांत्रिक मला काय कळणार?"

सिमेंटचं प्रमाण कळणार नाही, मान्य. त्यासाठी प्रयोगशाळा असते आणि तिचे अहवालही फायलीत असतात. तारखा तेवढ्या बघा. काँक्रीटची ताकद सहसा २८ दिवसांनी तपासतात. काम १० तारखेला झालं आणि त्याचा २८ दिवसांचा अहवाल त्याच महिन्याच्या २० तारखेचा असेल, तर इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

लांबी, रुंदी, खांबांची संख्या, झाकणांची संख्या, पेव्हर ब्लॉकची जाडी (तुटलेला ब्लॉक शोधा आणि पट्टी लावा), झाडांची संख्या. एवढं कुणालाही जमतं. दहावीच्या मुलांना सुट्टीत हे काम द्या, ती आपल्यापेक्षा चोख करतात.

"वरपासून खालपर्यंत सगळेच सामील असतील तर?"

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. उदाहरणं मुंबईचीच घ्या. रस्त्यांच्या कामांवर बाहेरच्या कंपनीने नजर ठेवावी म्हणून त्रयस्थ परीक्षक नेमले जातात. २०१६ च्या रस्ते घोटाळ्यात कंत्राटदारांबरोबर अशा दोन परीक्षक कंपन्यांवरही गुन्हा दाखल झाला आणि त्यांच्या अभियंत्यांना अटक झाली. पुढे मार्च २०२३ मध्ये मुंबई महापालिकेबद्दलचा कॅगचा अहवाल विधानसभेत आला. त्यात सुमारे २१४ कोटींची २० कामं निविदा न मागवताच दिल्याची नोंद होती, आणि १३ कामांवर त्रयस्थ परीक्षक नेमलेलाच नव्हता.

मग लोकांनी पाहून काय फरक पडतो? यावर एक प्रयोग झालेला आहे. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने इंडोनेशियात सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांवर तो केला. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांना सांगितलं की तुमच्या कामाचं सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांची घरपोच आमंत्रणं दिली. नंतर चक्क रस्ते खोदून साहित्य मोजलं. लेखापरीक्षण अटळ आहे म्हटल्यावर हिशेबाबाहेर जाणारा पैसा सुमारे आठ टक्के-बिंदूंनी घटला. नुसत्या बैठकांचा सरासरी परिणाम फार थोडा दिसला.

माझ्यासारख्या सोमवारवाल्याला हे वाचून वाईटच वाटलं होतं. पण त्यातला एक बारकावा फार मोलाचा आहे. बैठकांमुळे मजुरीतली चोरी कमी झाली. साहित्यातली झाली नाही. माणसं आपल्या खिशात येणारी मजुरी मोजतात, खडी कुणी मोजत नाही. तो अभ्यास गावांतला होता, पण आपल्या शहरात याहून वेगळं काय आहे? सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये शंभर रुपये वाढले तर सभा रात्री अकरापर्यंत चालते, आणि दारातल्या रस्त्याचं बिल आपण जन्मात पाहिलेलं नसतं.

म्हणून दोन्ही लागतं. नागरिकांनी खडी मोजायची, आणि ते मोजमाप अशा टेबलावर न्यायचं जिथे ते दुर्लक्षिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. तक्रार एकट्या कार्यकारी अभियंत्याला पाठवाल तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच ड्रॉवरमध्ये जाईल. आयुक्त, दक्षता विभाग, महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आणि गरज पडली तर लोकायुक्त, अशा सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा आणि प्रत्येक पोच जपून ठेवा. अंतिम बिल निघण्याआधी गेलेली तक्रार लेखापालाला नको असते. सहीच्या खाली ती पुराव्यासारखी पडून राहते, आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय संपते.

"माहिती अधिकारवाले स्वतःच पैसे खातात"

काही खातात. अर्ज टाकायचा, कंत्राटदाराला गाठायचं आणि अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा आहे आणि खंडणीचे गुन्हेही दाखल झालेले आहेत. उपाय सोपा आहे: मिळालेली माहिती पहिल्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर आणि ग्रुपवर टाका. जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तिच्याबद्दल गप्प बसायचे पैसे कुणी देत नाही.

"आणि जीवावर बेतलं तर?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. जमीन घोटाळे माहिती अधिकारातून उघड करणाऱ्या सतीश शेट्टींची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला. तो अजून लागूच झालेला नाही.

तेव्हा एकट्याने शूर होऊ नका. मोठ्या जमिनीच्या, बांधकाम परवानग्यांच्या प्रकरणांना एका माणसाच्या नावाने हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीतल्या रस्त्यासाठीसुद्धा पाच घरांनी पाच अर्ज करावेत. एक जण गप्प केला तर उरलेले चार बोलतात, हे समोरच्यालाही कळतं.

नगरसेवक परत आलेत, आता त्यांना विचारा

२०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. अखेर १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. प्रभागात माणूस परत आलाय. त्याला खड्ड्यांबद्दल विचारलं की "पाठपुरावा सुरू आहे" असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा, "आपल्या प्रभागातल्या या वर्षीच्या कामांची यादी, कंत्राटदाराचं नाव आणि दोषदायित्व कधी संपतं ते द्याल का?" कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या बैठकीची, तरतूद आहे. ती कधी घेणार, हेही विचारा. बहुतेकांना हा शब्द नवा असतो.

यादी मिळाली तर दोषदायित्वाच्या तारखेला खूण करा. त्या तारखेपर्यंत पडलेला खड्डा कंत्राटदाराच्या खर्चाने बुजतो, दुसऱ्या दिवशीचा आपल्या. त्याची सुरक्षा ठेवही तोवर महापालिकेकडे अडकलेली असते, त्यामुळे शेवटच्या महिन्यात कंत्राटदार फोन उचलतो. आमच्या गल्लीची तारीख पुढच्या वर्षीच्या मार्चमधली आहे. जिन्याजवळच्या फळ्यावर, टाकी धुण्याच्या तारखेखाली, ती खडूने लिहून ठेवली आहे. पुसली गेली की तळमजल्यावरचे काका पुन्हा लिहितात.